शिकवणीचा व्हिडिओ हलका करताना: एमबी घटवा, अक्षर राखा

साध्या फोनवर १०८०पी (चित्राची उंची १०८० ठिपके) आणि ३० फ्रेम (सेकंदाला ३० चित्रं) ठेवून ४५ मिनिटांचा तास रेकॉर्ड केला, तर फाइल सहज साडेपाच-पावणेसहा जीबीच्या घरात जाते. आता ती कुणाकडे जाणार आहे ते बघा. केज-धारूरकडचं दहावीचं लेकरू आईबापाबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं असतं. दिवाळीच्या आगेमागे निघालेलं कुटुंब परतेपर्यंत उन्हाळा लागतो. कोपीत फोन एकच, नेटपॅक रोजच्या दीड जीबीचा, आणि फडात रेंज असली तर असली. तुमचा एक तास उतरवायला त्या घराचा जवळपास चार दिवसांचा डेटा लागेल. तुम्ही कितीही जीव तोडून शिकवलेलं असो, तो व्हिडिओ कुणी उघडणार नाही.

तोच तास बहुतेक वेळा दीडशे-दोनशे एमबीत बसतो, फळ्यावरचं सगळं वाचता येईल असा. स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर त्याहूनही कमी. लातूर-नांदेडच्या मोठ्या क्लासवाल्यांकडे कॅमेरामन आणि एडिटर असतात, त्यांच्यासाठी हे लिखाण नाही. गावातला किंवा तालुक्यातला शिक्षक, घरी शिकवणी घेणारी ताई, टॅलीचे धडे रेकॉर्ड करणारा कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटवाला, यांच्यासाठी आहे. एक साधा लॅपटॉप आणि ‘हँडब्रेक’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं.

आधी हिशोब

फाइल किती मोठी होणार हे दोनच गोष्टी ठरवतात: व्हिडिओ किती मिनिटांचा आहे आणि त्याचा बिटरेट किती आहे. बिटरेट म्हणजे टँकरच्या तोटीची धार समजा. धार किती जोरात आणि किती वेळ सोडली, त्यावर हौद किती भरला ते ठरतं. सूत्र तोंडपाठ करण्याइतकं सोपं आहे: १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट, आणि ८ मेगाबिट म्हणजे १ एमबी) बिटरेटचा १ मिनिटाचा व्हिडिओ म्हणजे ७.५ एमबी. फोनचा कॅमेरा १०८०पीला साधारण १७ एमबीपीएसने लिहितो. म्हणून १७ गुणिले ७.५ गुणिले ४५, म्हणजे ५,७३७ एमबी. तीच धार अर्ध्या एमबीपीएसवर आणली, तर ४५ मिनिटांचे होतात १६९ एमबी.

तुमच्या फाइलचा बिटरेट बघायचा असेल तर विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि तिथल्या ‘डिटेल्स’मध्ये जा. ‘टोटल बिटरेट’ तिथं केबीपीएसमध्ये लिहिलेला असतो. हजाराने भागला की एमबीपीएस.

बरेच जण फाइलची झिप करून बघतात. त्याने काही होत नाही. एमपी४ मुळातच दाबलेली असते, झिप करून फार तर एखाद-दोन टक्के कमी होईल.

आणखी एक गोष्ट समजून घेतली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधूनमधून एक पूर्ण चित्र साठवतात, आणि त्यानंतर ‘आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं’ एवढंच लिहितात. फळा स्थिर आणि फक्त हात हलतोय, तर लिहायला फारसं काही नसतं. पण फोन हातात धरून कुणी शूट करत असेल, तर दर चित्रात आख्खा फळाच सरकतो. मग प्रत्येक वेळी सगळं नव्याने लिहावं लागतं आणि एमबी वाढत जातात.

पायरी पहिली: रेकॉर्डिंग करतानाच वाचवा

निम्मी लढाई इथंच जिंकता येते. पुढं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी हलता, अंधारा व्हिडिओ नीट दाबता येत नाही.

फोन स्टँडवर ठेवा. स्टँड नसेल तर बाकावर पुस्तकांची थप्पी रचा आणि फोन त्यावर रबराने बांधा. फ्रेममध्ये फळा भरून येऊ द्या. सरांचे पाय आणि खोलीचं छत दिसायची गरज नाही. पंखा, हलणारा पडदा, खिडकीबाहेरचं झाड हे फ्रेमच्या बाहेर ठेवा. पंख्याची पाती फिरताना दिसत असली तर तुमच्या प्रत्येक सेकंदातला काही वाटा त्या पात्यांवर खर्च होतो आणि अक्षरांना तेवढा कमी मिळतो.

उजेड भरपूर हवा. अंधाऱ्या खोलीत फोन स्वतःच संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रभर बारीक ठिपके नाचायला लागतात. आपल्याला ते फारसे दिसत नाहीत, पण दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला प्रत्येक ठिपका म्हणजे बदल वाटतो. शक्य असेल तर सकाळी, खिडकीचा उजेड बाजूने येईल असं बसा. फळा ओल्या फडक्याने पुसा. खडूची पांढुरकी पुटं राहिली की अक्षर उठून दिसत नाही.

मग फोनच्या स्क्रीनवर फळ्याच्या मध्यावर बोट दाबून धरा. बहुतेक फोनमध्ये त्याने फोकस आणि उजेड कुलूपबंद होतात. हे केलं नाही तर तुम्ही फळ्यासमोरून गेलात की फोन दर वेळी फोकस शोधत बसतो, आणि तेवढे सेकंद आख्खं चित्र बदलत राहतं.

सेटिंगमध्ये ४के नको. ४केत १०८०पीच्या चौपट ठिपके असतात आणि शेवटी ते पोरांच्या बारक्या स्क्रीनवरच बघितलं जाणार असतं. १०८०पी, ३० फ्रेम पुरेसं आहे. ६० फ्रेम तर मुळीच नको. तुम्ही क्रिकेटची मॅच दाखवत नाही.

संगणकाची स्क्रीन रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी ‘ओबीएस स्टुडिओ’ आहे, तेही फुकट. सेटिंग्जमध्ये ‘व्हिडिओ’त जाऊन आउटपुट रिझोल्यूशन (चित्रातले आडवे-उभे ठिपके) १२८०x७२० करा आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) १५ ठेवा (यादीत १५ दिसणार नाही, ‘इंटिजर एफपीएस व्हॅल्यू’ निवडून लिहावा लागतो). ‘आउटपुट’मध्ये रेकॉर्डिंग क्वालिटी ‘हाय क्वालिटी, मीडियम फाइल साइज’ घ्या. त्याच यादीत तळाशी ‘लॉसलेस’ आहे, आणि फाइल राक्षसी होईल असं ओबीएसने तिथंच लिहून ठेवलंय. ते खरं मानायचं आणि त्याच्या वाटेला जायचं नाही.

ओबीएसमध्ये फॉरमॅट एमकेव्ही ठेवा. साधी एमपी४ लिहिता लिहिता मध्येच लाईट गेली, तर आख्खी फाइल उघडत नाही, कारण तिची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. एमकेव्हीत लाईट जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. नंतर फाइल मेन्यूतल्या ‘रीमक्स रेकॉर्डिंग्ज’मधून काही सेकंदांत तिची एमपी४ होते, दर्जा तसूभरही न घटता. आपल्याकडच्या लाईटचा भरवसा सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ही सेटिंग आजच बदलून टाका.

पायरी दुसरी: फालतू मिनिटं कापा

‘आवाज येतोय का रे?’, हजेरी, फळा पुसणं, मध्येच आलेला फोन, ‘थांबा, खडू आणतो’. हे सगळं विद्यार्थ्याच्या पॅकमधून जातं. वेळ कमी केला की फाइल त्याच प्रमाणात कमी होते आणि दर्जाला धक्काही लागत नाही. एमबी वाचवायचा याहून स्वस्त मार्ग नाही.

फक्त सुरुवात आणि शेवट कापायचा असेल तर फोनच्या गॅलरीतलं ‘ट्रिम’ पुरतं. मधले तुकडे काढायला संगणकावर ‘लॉसलेसकट’ घ्या. ते व्हिडिओ पुन्हा दाबत नाही, नुसता कापतं, म्हणून काम झटपट होतं. फक्त काप अगदी हव्या त्या सेकंदावर पडेल असं नाही. जवळच्या पूर्ण चित्रावर पडतो. म्हणून बोलण्याच्या अगदी कडेवर कापू नका, दोन-तीन सेकंद मोकळे सोडा.

याच वेळी ४५ मिनिटांच्या तासाचे मुद्द्यांप्रमाणे तुकडे करा. ज्याला फक्त वर्गसमीकरणाचं सूत्र पुन्हा बघायचंय, त्याने पूर्ण तास का उतरवायचा? नावं ‘०३-वर्गसमीकरण-सूत्र’ अशी द्या. फोनने आपोआप दिलेल्या आकड्यांच्या नावावरून कुणालाच काही कळत नाही, तुम्हालाही पुढच्या वर्षी कळणार नाही.

पायरी तिसरी: हँडब्रेक

हँडब्रेक डॉट एफआर या संकेतस्थळावरूनच उतरवा. पहिल्या वेळी ते मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट (हँडब्रेक चालायला लागणारं सॉफ्टवेअर) मागू शकतं, तेही मायक्रोसॉफ्टच्याच पानावरून घ्या. आता व्हिडिओ ओढून हँडब्रेकच्या खिडकीत टाका आणि वरच्या ‘प्रीसेट’मधून (तयार सेटिंगच्या यादीतून) ‘फास्ट ७२०पी३०’ निवडा. इतकंच करून ‘स्टार्ट एन्कोड’ दाबलं तरी फाइल बरीच उतरते. पण शिकवणीच्या व्हिडिओला आणखी पिळता येतं.

सुरुवात ‘व्हिडिओ’ टॅबपासून करू. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत, ‘एच.२६४’ असू द्या. ‘एच.२६५’ने त्याच दर्जाची फाइल आणखी लहान होते, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास, पण जुन्या फोनवर ती अडखळते किंवा उघडतच नाही. तुमच्या पोरांकडे आईबापांचे जुने फोन असतील तर तो मोह टाळा. २००३ साली आलेलं एच.२६४ आज जवळपास प्रत्येक फोनवर चालतं, तेच आपल्या कामाचं.

त्याखाली ‘फ्रेमरेट’ १५ करा आणि बाजूला ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडा. फोन रेकॉर्ड करताना फ्रेमचा वेग कमीजास्त करतो, त्यामुळे पुढं कुणी ते एडिट करायला घेतलं तर आवाज आणि ओठ जुळत नाहीत. कॉन्स्टंट केलं की ती कटकट जाते. १५ फ्रेमवर हात किंचित झटक्याने हलताना दिसेल, फळा मात्र तसाच स्वच्छ राहील. माझं ठाम मत आहे की शिकवणीत आधी फ्रेम कमी कराव्यात, रिझोल्यूशन सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात: थेट ३६०पी करून मोकळे होतात, मग हात छान सळसळतो आणि अक्षराचा पत्ता नसतो. प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक, योगासनं, शिवणकाम असं काही असेल तर मात्र २५-३० फ्रेम राहू द्या, तिथं हालचाल हाच धडा असतो.

उजवीकडे ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ची पट्टी आहे, तिच्यावर आरएफ नावाचा आकडा दिसतो. इथं नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. ढोबळ नियम असा की आकडा ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. फळ्याच्या व्हिडिओला २४ पासून सुरू करा. स्क्रीन रेकॉर्डिंगला २५-२६ चालतं. २८च्या पुढं गेलात तर अक्षरांभोवती धूसर चौकोन दिसायला लागतील.

‘एन्कोडर प्रीसेट’ची पट्टी ‘फास्ट’वरून ‘स्लो’कडे नेली तर त्याच दर्जात फाइल आणखी थोडी लहान होते, बदल्यात वेळ लागतो. लॅपटॉप जुना असेल तर रात्री लावून ठेवा.

‘डायमेन्शन्स’मध्ये ७२०पी आधीच आलेलं असेल, त्याला हात लावू नका.

मग ‘ऑडिओ’. याकडे कुणी बघत नाही आणि इथं फुकटची बचत पडून असते. या प्रीसेटमध्ये आवाज स्टिरिओ, १६० केबीपीएस असतो. ४५ मिनिटांत त्याचेच ५४ एमबी होतात. सर एकटेच बोलतायत, त्यांना दोन बाजूंनी ऐकून काय करायचं? ‘मिक्सडाउन’ मोनो करा, बिटरेट ६४. ५४चे २१-२२ एमबी झाले, आणि बोलणं ऐकायला तसंच राहिलं. संगीताच्या शिकवणीला मात्र हे करू नका.

‘समरी’ टॅबवर फॉरमॅट एमपी४ ठेवून ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’वर खूण करा. त्याने अनुक्रमणिका फाइलच्या सुरुवातीला येते आणि ऑनलाइन ठेवलेला व्हिडिओ पूर्ण उतरायच्या आधीच सुरू होतो.

हे सगळं एकदा जमवलं की ‘प्रीसेट’मध्ये आपल्या नावाने साठवून टाका. पुढच्या वेळी एका क्लिकचं काम.

एक सावधगिरी: झूम किंवा मीटवरून आलेलं रेकॉर्डिंग आधीच बारीक असतं. ते हँडब्रेकमध्ये घातलं तर कधीकधी फाइल उलट मोठी होते. म्हणून आधी बिटरेट बघा. तो पाचशे केबीपीएसच्या खाली असेल तर हात न लावता तसंच पाठवा.

पायरी चौथी: अक्षर तपासा

पूर्ण तास दाबायला लावण्याआधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या. हँडब्रेकमध्ये वर ‘रेंज’ आहे, तिथं ‘सेकंद्स’ निवडून सुरुवात आणि शेवट लिहा. फळा गच्च भरलेला असेल ते अर्धं मिनिट निवडा. कोऱ्या फळ्यावर कुठलीही सेटिंग चांगलीच दिसते.

तयार झालेली चाचणी लॅपटॉपवर बघून समाधान मानू नका. घरातल्या सगळ्यात जुन्या, बारक्या फोनवर घाला आणि हातभर अंतरावरून वाचा. काय बघायचं ते सांगतो. देवनागरीत कितीतरी अक्षरांचं वेगळेपण एका रेघेवर किंवा एका फटीवर अवलंबून असतं. जास्त दाबलं की आधी तेच जातं. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ पुसट झाली की ‘षटकोन’ ‘पटकोन’ होतो. ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजली की ‘भाग’चा ‘माग’. ‘घ’ आणि ‘ध’, ‘थ’ आणि ‘य’ हेही असेच एकमेकांत मिसळतात. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, रफार गायब होतो. गणितात दशांशचिन्ह शोधा: ३.५ आहे की ३५ हे स्पष्ट दिसतंय का? घाताचा बारीक २, रसायनशास्त्राच्या सूत्रात खाली लिहिलेला आकडा, अपूर्णांकाची आडवी रेघ?

एखादं जरी वाचता येत नसेल तर आरएफ दोनने खाली आणा आणि पुन्हा चाचणी घ्या. तरीही जमलं नाही, तर दोष सेटिंगचा नसतो, फळ्यावर अक्षर बारीक पडलंय. मोठं लिहा, खडू टोकाने न धरता थोडा आडवा धरा, आणि कॅमेरा हातभर पुढं सरकवा.

पायरी पाचवी: पाठवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा ‘व्हिडिओ’ म्हणून टाकलात तर व्हॉट्सअ‍ॅप तो स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबतं आणि तुम्ही जपलेलं अक्षर तिथं जातं. क्लिपच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल तशीच्या तशी जाते. टेलिग्रामवरही फुकट खात्याला एका फाइलची मर्यादा २ जीबी आहे, आणि तिथं चॅनेलमध्ये जुने धडे शोधायला सोपे पडतात. ग्रुपमध्ये टाकताना फाइल किती एमबीची आहे ते सोबत लिहा. ‘३८ एमबी, ११ मिनिटं’ एवढं वाचलं की घरचे ठरवतात, आत्ता उतरवायचं की रेंजमध्ये गेल्यावर.

यूट्यूबचं गणित वेगळं आहे. यूट्यूब तुमचा व्हिडिओ नाहीतरी पुन्हा दाबतं आणि १४४पीपासून वरच्या आवृत्त्या स्वतः बनवतं. तिथं आधीच पिळून काढलेली फाइल चढवली तर दोनदा मार बसतो. त्यासाठी १०८०पी, आरएफ २१-२२ अशी वेगळी फाइल करा. एमबी थोडे जास्त जातील, पण ते तुमच्या अपलोडचे, पोरांच्या पॅकमधले नाहीत.

पेनड्राइव्हवर देत असाल आणि ४ जीबीच्या वरची फाइल ‘जागा असूनही’ जात नसेल, तर पेनड्राइव्ह फॅट ३२ पद्धतीचा आहे. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की जाते, फक्त आधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून घ्या.

उजळणीसाठी नुसता आवाजही वेगळा काढून ठेवा. इतिहास, भाषा, नागरिकशास्त्र यांचे बरेचसे तास ऐकूनही समजतात. ४८ केबीपीएस मोनोवर ४५ मिनिटांचे १६ एमबी होतात, आणि तेवढे कमजोर रेंजवरही उतरतात.

मूळ रेकॉर्डिंग लगेच उडवू नका. दाबलेल्या फाइलमधून गेलेला दर्जा परत आणता येत नाही, आणि दाबलेलं पुन्हा दाबलं तर आणखी खराब होतं. काही बदलायचं असेल तर दर वेळी मूळ फाइलपासून सुरुवात करा. मूळ फाइली एका बाहेरच्या हार्डडिस्कवर, इयत्ता आणि विषयाच्या फोल्डरमध्ये टाका. आठवड्याचे सगळे तास साठले की हँडब्रेकमध्ये एकेक करून ‘अ‍ॅड टू क्यू’ करा, ‘व्हेन डन’मध्ये ‘शटडाउन’ निवडा, चार्जर लावा आणि झोपा. यादी संपली की लॅपटॉप आपोआप बंद होतो.